सॉफ्टबॉलचा स्विंग: हातातली चूक पायात शोधा

आमच्या चौदा वर्षांखालच्या संघात सातवीतली एक मुलगी आली. अंगाने काटक, पळायला चपळ, थ्रो असा की पहिल्या बेसवरच्या (धावण्याच्या पहिल्या टप्प्यावरच्या) मुलीचा तळवा झणझणायचा. पण बॅट हातात घेतली की सगळं अडायचं. एक तर मिस, नाहीतर तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर फाउल, आणि नीट लागलाच तर शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या मुलीकडे, घरंगळत जाणारा ग्राउंडर. बाहेरून सगळे ओरडायचे, "चेंडू बघ!", "जोरात मार!", "हात सरळ ठेव!" ती चेंडू बघतही होती आणि जोरातही मारत होती. मोबाईलवर तिचा स्विंग, म्हणजे बॅट फिरवणं, संथ गतीत पाहिला तेव्हा उलगडा झाला. डावा पाय पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, दिशेने पडायच्या ऐवजी तिसऱ्या बेसकडे पडत होता. पाय तिकडे गेला म्हणून कंबर तिकडे, कंबर गेली म्हणून खांदा आधीच उघडलेला, आणि खांद्याबरोबर डोकंही. हातांच्या वाट्याला जे उरलं होतं ते हात करत होते.

तेव्हापासून हातात दिसणारी चूक मी आधी पायात शोधते. दहापैकी सात-आठ वेळा ती तिथेच सापडते. पुढे जे लिहिलंय ते साधारण दहा ते चौदा वर्षांच्या, उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं.

क्रिकेटमधून आलेलं सामान

आपल्याकडे सॉफ्टबॉलला येणारं जवळजवळ प्रत्येक मूल आधी गल्लीत क्रिकेट खेळलेलं असतं. त्याचा फायदा आहेच, कारण चेंडूवर नजर बसलेली असते. पण चार सवयी आड येतात आणि त्या उघडपणे सांगितल्याशिवाय जात नाहीत.

पहिली सवय शब्दांची. क्रिकेटमध्ये उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात 'वरचा' आणि उजवा 'खालचा', कारण बॅट खाली लोंबत असते. सॉफ्टबॉलमध्ये बॅट वर उभी असते, त्यामुळे तोच डावा हात मुठीच्या गोळ्याशी, म्हणजे खाली येतो आणि उजवा वर जातो. हातांची जागा तीच, नावं मात्र उलटी. "वरचा हात ढिला सोड" असं सांगितलं की क्रिकेट खेळलेली मुलगी नेमका चुकीचा हात सोडते. मी म्हणून सरळ 'डावा' आणि 'उजवा' म्हणते.

दुसरी सवय पायाची. क्रिकेटमध्ये पाय चेंडूच्या टप्प्याकडे जातो. ऑफला चेंडू आला की पाय ऑफला. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता येतो आणि पाऊल टाकायच्या वेळी तो आत येणार की बाहेर, हे कळलेलंही नसतं. म्हणून पाऊल दर वेळी एकाच दिशेने, एवढंसंच, पिचरकडे. चेंडूच्या जागेशी जुळवून घ्यायचं काम कंबर आणि हात करतात.

तिसरी सवय पुलची. चेंडू जमिनीलगत ठेवायला क्रिकेटर मनगटं वळवून घेतो. हीच सवय इथे आली की शॉर्टस्टॉपला आयता ग्राउंडर मिळतो. चौथी सवय बॅटच्या रुंदीवर विसंबण्याची. क्रिकेटची बॅट सपाट असते, सॉफ्टबॉलची गोल. नियमाप्रमाणे तिचा सगळ्यात जाड भागही सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त जाड असू शकत नाही. बारा इंच परिघाच्या चेंडूचा व्यास होतो साधारण ९.७ सेंटिमीटर. गोलावर गोल आपटायचा म्हटल्यावर बोटभर वर-खाली झालं तरी फ्लाय (उंच उडालेला झेल) किंवा ग्राउंडर ठरलेला.

बॅट जड असेल तर पुढचं सगळं फुकट

शाळेच्या किटमध्ये बहुधा दोन-तीन बॅट असतात आणि त्या मोठ्या खेळाडूंच्या मापाच्या, ३३-३४ इंची. सहावीतल्या मुलीच्या हाती ती दिली की ती बॅट फिरवत नाही, बॅटच तिला फिरवते. दहा-बारा वर्षांसाठी २९ ते ३१ इंच लांबी आणि ५०० ते ६०० ग्रॅम वजन बहुतेकींना पुरतं.

तपासायची सोपी युक्ती: डाव्या हातात मुठीशी बॅट धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करायचा आणि वीस सेकंद थांबायचं. त्याआधीच दंड थरथरू लागला, टोक खाली झुकलं, तर बॅट जड आहे. दुसरी मिळण्यासारखी नसेल तर तीच बॅट मुठीच्या गोळ्यापासून दोन बोटं वर धरायची. यात कमीपणा काही नाही. मोठे खेळाडूही दोन स्ट्राईक झाल्यावर, म्हणजे तीनपैकी दोन संधी गेल्यावर, बॅट तशी वर धरतात.

आधी शूटिंग, मग शिकवणी

डोळ्यांनी स्विंगचं निदान होत नाही. बॅट निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंत जेमतेम ०.२ सेकंद जातात, त्यात आपल्याला फक्त निकाल दिसतो. मोबाईलचा स्लो मोशन लावून दोन बाजूंनी चित्रण करा: एक बॅटरच्या छातीसमोरून, दुसरं कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारीच्या) मागून, अर्थात जाळीआडून. प्रत्येकी पाच-सहा स्विंग पुरेत.

मग तीन जागी चित्र थांबवायचं. पुढचं पाऊल टेकतं त्या क्षणी हात कुठे आहेत? बॅट निघते तेव्हा उजवं कोपर आणि हात यांच्यात पुढे कोण आहे? आणि चेंडू लागतो तेव्हा डोकं कुठे बघतंय? पहिल्या दिवशी मुलीला काही सुधारायला सांगू नका. तिला स्वतःला बघू द्या. "मॅडम, माझा पाय असा जातो?" हे तिच्या तोंडून आलं की निम्मं काम झालं.

पायरी पहिली: उभं राहणं आणि पकड

पाय खांद्यांपेक्षा किंचित जास्त फाकलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. प्लेटपासूनचं, म्हणजे बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीपासूनचं, अंतर ठरवायला कंबरेत थोडं वाकून बॅट पुढे करायची. टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकलं पाहिजे. प्लेट १७ इंच रुंद असते. चेंडूला घाबरून मुली हळूहळू मागे सरकतात आणि मग बाहेरच्या कडेचा, स्ट्राईक धरला जाणारा चेंडू त्यांच्या आवाक्यातच राहत नाही. हनुवटी डाव्या खांद्याजवळ आणि दोन्ही डोळे पिचरकडे. एकाच डोळ्याने बघतेय का ते तपासायला तिला उजवा डोळा मिटायला सांगा, मग डावा. दोन्ही वेळा पिचर पूर्ण दिसला पाहिजे.

पकडीसाठी मी कुऱ्हाडीचं उदाहरण देते. लाकूड फोडायला कुऱ्हाड उचलताना दांडा तळव्यात खोल नसतो, बोटांत असतो. दार ठोठावताना बोटांची जी पेरं दारावर आपटतात, ती दोन्ही हातांची साधारण एका ओळीत यावीत. आणि मूठ सैल. ओलं कापड पिळताना जशी आवळतो तशी आवळली की मनगटं अडकतात आणि खांदे कानाला जाऊन भिडतात. चेंडू लागताना मूठ आपोआप आवळली जाते, ते शिकवावं लागत नाही.

पायरी दुसरी: मागे ओढणं

दगड लांब भिरकवायच्या आधी आपण हात मागे नेतो. स्विंगलाही तो 'मागे' लागतो. वजन उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर घ्यायचं आणि हात तीन-चार बोटं मागे, उजव्या खांद्याच्या उंचीला. हे सगळं इतकं लहान असावं की बाकावर बसलेल्याला ते जाणवूही नये. उजवा गुडघा पायाच्या बाहेर झुकला तर वजन निसटलं. तो पायाच्या आतच राहायला हवा.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीची दोन वर्षं मी सगळ्या मुलींना "मागचं कोपर वर! अजून वर!" असं सांगत होते. मलाही तसंच शिकवलं गेलं होतं. मोठ्या, ताकदवान खेळाडूला ते चालतं. पण बारा वर्षांची मुलगी उंच धरलेलं कोपर स्विंग सुरू होताच धाडकन खाली टाकते. ते हातांच्या पुढे धावतं आणि बॅट मागे फरफटत येते. चेंडूवर दर वेळी उशीर. संघातल्या निम्म्या मुलींचे फाउल पहिल्या बेसकडे जात होते आणि मी पिचरच्या वेगाला दोष देत होते! आता मी कोपराचं नाव काढत नाही. ते आरामात, तिरकं लोंबलेलं असू दे.

पायरी तिसरी: पाऊल

सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा ही. पाऊल वीतभरच, अलगद, आधी चवडा टेकणारं. बोटं प्लेट आणि पिचर यांच्या साधारण मध्ये, ४५ अंशांत. टाच अजून थोडी वर. आणि पाऊल टेकतं तेव्हा हात मागेच. पाय पुढे गेला, हात मागे राहिले, मधलं धड ताणलं गेलं: गलोलीचं रबर ओढल्यावर असतं तसं. पायाबरोबर हातही पुढे आले तर रबर ओढलंच गेलं नाही, मग कितीही जोर लावा.

त्या मुलीच्या पायाला वळण कसं लावलं ते सांगते. मैदानावर फक्कीने एक सरळ रेघ मारली, उजव्या पायाच्या चवड्यापासून थेट पिचरकडे. डावा पाय त्या रेघेवर ठेवला आणि पायाच्या मागे, टाचेपासून चार बोटं अंतरावर, एक रबरी चप्पल ठेवली. पाय तिसऱ्या बेसकडे गेला की चपलेवर पडणार. वीट किंवा दगड ठेवू नका, घोटा मुरगळेल. बॅट न घेता, हात छातीवर बांधून, नुसतं पाऊल: मागे वजन, पुढे पाऊल, थांब. रोज वीस. पहिल्या दिवशी वीसपैकी चौदा वेळा चप्पल तुडवली गेली. आठवडाभराने कोरडं पाऊल सरळ पडू लागलं. मग टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या स्टँडवर) तेच, मग अंडरहँड टाकलेल्या टेनिस चेंडूवर तेच. खरा चेंडू समोर आला आणि पाय पुन्हा चपलेवर. तिथे कळलं की अडचण पायाची नव्हती, भीतीची होती. मागे कधीतरी बरगडीला चेंडू लागला होता.

भीतीवर "घाबरू नको" हा उपाय नाही. चेंडू अंगावर आला तर काय करायचं, हे शरीराला माहीत हवं. बॅटर घाबरून पिचरकडे छाती उघडते आणि मागे झुकते, तिथेच तोंडाला, पोटाला लागतं. करायचं उलट: डावा खांदा आत कॅचरकडे वळवायचा, हनुवटी छातीला लावायची, पाठ चेंडूकडे करायची, बॅट खाली घ्यायची. हे मऊ स्पंजच्या किंवा टेनिसच्या चेंडूने, मुद्दाम अंगावर टाकून, हसतखेळत पंधरा-वीस वेळा करून घ्या. अर्थात हेल्मेट घालून. चेंडू पाठीला लागला आणि काही झालं नाही, हे शरीराला एकदा पटलं की पाय आपोआप सरळ पडू लागतो. तिच्या बाबतीत याला तीन आठवडे गेले.

पायरी चौथी: टाच आणि कंबर

डावी टाच जमिनीवर दाबणं म्हणजे बंदुकीचा घोडा दाबणं. टाच टेकते, डावा पाय ताठ होऊ लागतो, आणि त्या खांबाभोवती कंबर फिरते. उजवा गुडघा आत वळतो, उजवी टाच उचलली जाते, बुटाच्या नाड्या पिचरकडे बघू लागतात.

"झुरळ चिरडल्यासारखा मागचा पाय फिरव" असं अनेक ठिकाणी शिकवलं जातं. मला ते पटत नाही. मुली मग पाय जागेवर गोल फिरवतात, वजन सगळं मागेच बसून राहतं आणि कंबर रुसलेली. पाय कंबरेला फिरवत नसतो, कंबर पायाला ओढून नेते. बॅट कमरेमागे आडवी धरून दोन्ही कोपरांत अडकवा आणि पाऊल, टाच, कंबर या क्रमाने दहा वेळा फिरा. शेवटी पोट पिचरकडे आलं पाहिजे. हात अडकलेले असल्यामुळे फसवणूक करता येत नाही, हा या सरावाचा मोठा गुण.

क्रम समजायला ओला टॉवेल आणा. झटकताना आधी दंड, मग मनगट, मग टॉवेलचा शेंडा, आणि फटका शेंड्यात. सगळं एकदम हललं की टॉवेल नुसता लोंबतो. टाच, कंबर, छाती, हात, बॅट हा क्रम मुलींना टॉवेलने पाच मिनिटांत कळतो, भाषणाने कळत नाही.

पायरी पाचवी: हातांची वाट

पाय आणि कंबर मार्गी लागले की हातांचे निम्मे रोग जातात. उरलेल्यांतला मोठा म्हणजे हात लांब करून बॅट बाहेरून गोल फिरवणं. बिजागरीपासून दार जितकं लांब, फिरवायला तितकं जड. हातांनी आधी बॅटचा मुठीकडचा गोळा चेंडूकडे न्यावा, जाड भाग खांद्याजवळ राहावा, आणि उजवं कोपर बरगडीजवळून सरकावं. नदीच्या पाण्यावर चपटा दगड सपाट फेकून टप्पे काढताना कोपर जसं जातं अगदी तसं. हे ज्यांनी केलंय त्या मुलींना एका वाक्यात कळतं, मग ते खडे घेऊन मैदानावरच करून बघतात.

तपासायला जाळीचा सराव. बॅटचा गोळा पोटाला लावून टोक जाळीला टेकेल इतक्या अंतरावर, जाळीकडे तोंड करून उभं राहायचं आणि स्विंग करायचा. बॅट जाळीत अडकली तर हात लांब गेले. भिंतीसमोर करू नका, बॅट आणि मनगट दोन्ही जातील.

बॅट कोणत्या उतारावर फिरावी यावर मैदानावर वाद होतात. "खाली मार" म्हणणारे आहेत, "वर उचल" म्हणणारेही. हिशेब करून बघा. पिचर चेंडू कंबरेखालून सोडते. मोठ्या महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पाऊल टाकून सोडल्यामुळे प्रत्यक्षात चेंडूचा प्रवास होतो अकरा-साडेअकरा मीटर. ताशी ६५ किलोमीटरचा चेंडू हे अंतर सुमारे ०.६ सेकंदात कापतो आणि प्लेटजवळ येताना साधारण १० अंशांनी खाली उतरत असतो. वेग जितका कमी, उतार तितका जास्त. म्हणजे बॅट खांद्यावरून खाली येऊन, चेंडूच्या वाटेत शिरून, किंचित वर जात चेंडूला भेटली तर ती त्या वाटेवर जास्त वेळ राहते. कुऱ्हाडीसारखी वरून खाली मारली तर दोन्ही वाटा एकमेकींना एकाच बिंदूत छेदतात, आणि तो बिंदू चुकला की चुकलाच. पण हे अंशांचं गणित मुलीच्या डोक्यात घालू नका. तिला एवढंच सांगा: "पिचरच्या डोक्यावरून सरळ रेषेत मार."

पायरी सहावी: चेंडू लागतो तिथे

मधला चेंडू डाव्या पायाच्या रेषेत किंवा वीतभर पुढे लागावा. आतला त्याहून थोडा पुढे. बाहेरचा मात्र येऊ द्यायचा, जवळजवळ पोटासमोर, आणि उजव्या बाजूला मारायचा. लागताना उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. मनगटं चेंडू गेल्यावर वळतात, आधी नाही. क्रिकेटच्या पुलवाल्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

डोकं स्थिर राहिलं का हे बघायला चेंडूंवर मार्करने लाल आणि निळे ठिपके काढा. मारताना रंग ओरडायचा. टीवर असेल तर चेंडू गेल्यावरही टीच्या टोकाकडे एक सेकंद बघत राहायचं. सुरुवातीला हनुवटी डाव्या खांद्याजवळ असते, शेवटी उजव्या खांद्याजवळ येते, पण डोकं हललेलं नसतं, खांदेच खालून गेलेले असतात.

शेवट समतोलात व्हायला हवा. स्विंग संपला की मी "स्टॅच्यू!" म्हणते. दोन सेकंद पुतळा. डगमगली तर पाऊल मोजून बघा: एक तर पाऊल फार लांब होतं, नाहीतर वजन मागेच राहिलं होतं.

घरचा टी आणि आठवड्याचा हिशेब

विकतचा टी महाग पडतो. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून त्यात पीव्हीसीचा पाईप उभा करा, आत थोडा बारीक दुसरा पाईप घाला म्हणजे उंची बदलता येईल, आणि टोकाला गॅरेजमधून आणलेला रेडिएटरच्या जुन्या होजचा तुकडा बसवा. बॅट लागली तरी होज वाकतो, तुटत नाही. समोर दोरीवर जुनी सतरंजी किंवा गोधडी सैल टांगा. चेंडू त्यात आपटून जागीच पडतो, शेजाऱ्यांची काच वाचते.

टी कुठे ठेवायचा यात बहुतेक पालक चुकतात. ते तो मुलीच्या पोटासमोर ठेवतात आणि ती महिनाभर उशिरा मारायचा सराव करते. टी डाव्या पायाच्या रेषेत.

आठवड्यात तीन दिवस, दर वेळी चाळीस मिनिटं आणि सगळे मिळून साठ-सत्तर स्विंग, एवढं या वयाला भरपूर आहे. आधी अंग गरम करणं, मग चपलेजवळची कोरडी पावलं, कमरेमागे बॅट ठेवून दहा फिरक्या. मग टीवर वीस-पंचवीस, दर पाच चेंडूंनंतर दम घेऊन. मग बाजूने गुडघ्यावर बसून कुणी टेनिस चेंडू अलगद टाकायचे, वीस. टाकणारी व्यक्ती बॅटच्या वाटेत येणार नाही अशी तिरकी बसलेली हवी. आई-बाबा हे काम आनंदाने करतात, फक्त "असं कर, तसं कर" म्हणायचं नाही, एवढी अट घाला. शेवटी समोरून, जाळीआडून पाच-सहा मीटरवरून पंधरा चेंडू. कंटाळा आला तर झाडूचा दांडा आणि टेबल टेनिसचे जुने चेंडू घ्या. बारीक दांड्याने मारल्यावर बॅट एकदम रुंद वाटू लागते.

हाताला फोड आला तर त्या दिवशी बॅट खाली. पाठ दुखत असेल आणि चार-पाच दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. "वाढीचं वय आहे" म्हणून सोडून देऊ नका. आणि गटात सराव करताना शिट्टी वाजल्याशिवाय कुणीही बॅट फिरवायची नाही.

वेळ साधणं

टीवर सुरेख मारणारी मुलगी सामन्यात का चुकते? टी वाट बघतो, पिचर बघत नाही. पिचरचा हात गोल फिरतो, त्याचं घड्याळ करा. हात डोक्यावर, म्हणजे बाराच्या ठोक्याला आला की मागे ओढायचं. हात खाली कंबरेशी येऊन चेंडू सुटतो तेव्हा पाऊल निघतं. चेंडू अर्ध्या वाटेवर यायच्या आत पाऊल टेकलेलं. चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, आला तर पाऊल टेकून मुलगी थांबू शकते, कारण हात अजून मागेच आहेत. हात पायाबरोबर पुढे आलेल्या मुलीला थांबायला काही उरलेलंच नसतं. आपली पाळी यायच्या आधी बाहेर उभं राहून हे घड्याळ लावायची सवय लावा, पिचरच्या प्रत्येक चेंडूला.

चुका ओळखायलाही चेंडू कुठे जातो हे पुरतं. सारखे फाउल पहिल्या बेसकडे: उशीर, बहुधा पाऊल उशिरा टेकतंय किंवा कोपर पुढे धावतंय. तिसऱ्या बेसकडे: घाई, किंवा पाय बाहेर उघडतोय. सारखे उंच पॉपअप: वजन मागे अडकून उजवा खांदा खाली पडतोय, डावा पाय ताठ होत नाहीये. शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर: मनगटं लवकर वळतायत, किंवा बाहेरचा चेंडू ओढून मारतेय.

एका वेळी एकच दुरुस्ती. नवीन बदल केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फटके आधीपेक्षा वाईट लागतात, हे मुलीला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात काहीही बदलू नका, दोष डोळ्यांना कितीही खुपत असला तरी.

सामन्यात तर मी फक्त एक शब्द बोलते. त्या मुलीसाठी तो शब्द होता "चप्पल". गेल्या मोसमात जिल्हा पातळीवर दोन स्ट्राईक झाल्यावर मी तिसऱ्या बेसजवळून तेवढंच ओरडले. तिने मान हलवली, पाऊल सरळ टाकलं आणि चेंडू दुसऱ्या बेसवरून मोकळ्या जागेत गेला. समोरच्या संघाचे सर मात्र पुढचं षटकभर आमच्या मुलींच्या पायांकडे बघत होते, आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं की इथे षटक नसतं, इनिंग असते. तेही क्रिकेटमधूनच आले होते.